घळीतलं गाऱ्हाणं

ऐका. आणि ते मोबाईल आधी पालथे घाला बघू. तोंडावर उजेड असला की माझी गोष्ट बुजते. हां, आता कसं! समुद्र ऐकू येतोय ना? येणारच, भरती चढतेय.

हा हर्षद, माझ्या चुलतभावाचा नातू. ह्याच्या त्या पिवळ्या प्लास्टिकच्या होड्या. काय म्हणता त्यांना? कयाक. त्या कयाकातून हा तुम्हाला उद्या सांजवेळी घुमरी घळ दाखवायला नेणार, असं मघाशी जेवताना माझ्या कानावर आलं. फलकावरसुद्धा रंगवलंय मेल्यानं, 'सूर्यास्त आणि गुहा'. हसू नको रे! उद्या तिथी कुठली? अमावास्या. अमावास्येला सांजवेळी माणसांना घळीत नेतोस? अक्कल गहाण ठेवलीस की काय?

म्हणून सांगतो. पुण्याच्या पाहुण्यांना कळावं म्हणून मी जरा शुद्ध बोलेन. पण गोष्टीतली माणसं आपल्या बोलीतच बोलणार, त्याला माझा इलाज नाही.

तर ऐका. अशीच अमावास्या, मार्गशीर्षातली. दिवेलागण होऊन गेलेली. मोतीराम तांडेल घराबाहेर पडला. एका हातात कंदील, खांद्यावर दोरखंडाचं वेटोळं. एकटा! आणि निघाला कुठे, तर घळीकडे. वाडीतल्या कुत्र्यानं पण त्याला सोबत केली नाही. वाळूच्या पुळणीपर्यंत आलं आणि शेपूट पायात घालून परत फिरलं.

का निघाला? सांगतो.

मोतीरामाचा धाकटा भाऊ दिगंबर. दिगू म्हणायचे. जाळी घालायला म्हणून होडी घेऊन गेला डोंगराच्या नाकाडाकडे, आणि दुसऱ्या दिवशी होडी आली पालथी. दिगू आला नाही. वाडीतल्या सगळ्यांनी शोधलं. किनाऱ्यावरची खडपं पाहिली, खाडीचं तोंड पाहिलं, पार पलीकडच्या बंदरापर्यंत माणसं जाऊन आली. काही नाही. मग काय करायचं? मढं मिळालं नाही तर दर्भाचा माणूस करतात, त्याला अग्नी देतात, म्हणजे गेलेला सुटतो. वडीलधाऱ्यांनी ठरवलं, अमावास्या झाली की दुसऱ्या सकाळी उरकायचं. दर्भ आणून ओटीवर ठेवलासुद्धा.

आणि त्यांची आई! विधवा बाई, दोन मुलगेच काय ते तिचे. ती दाराशी बसलेली, समुद्राकडे तोंड करून. पोटात अन्न नाही, डोळ्यांत पाणीसुद्धा नाही. त्या दर्भाच्या जुडीकडे बघून म्हणाली, "गवताक अग्नी देतल्यात? माझो झील काय गवताचो होतो?"



मग मोतीरामाला म्हणाली, "सगळा बघलास. घळीत बघलास?"

घळीत कोणी गेलंच नव्हतं. नाकाडाशी समुद्रानं जे नेलं ते घळीत जातं, हे शेंबड्या पोराला पण ठाऊक होतं. आणि घळीत कोण राहतो तेही ठाऊक होतं. गिऱ्हा. तुम्ही ऐकलं नसेल. पाण्यात मेलेल्याचं भूत म्हणजे गिऱ्हा. झाडावरचं भूत नुसतं भिववतं. गिऱ्हा तसा नाही. तो गोड बोलतो, फसवतो, आणि खोल पाण्यात नेतो.

घळीचं तोंड एरवी पाण्याखाली. अमावास्येच्या, पुनवेच्या मोठ्या सुकतीला तेवढं उघडं पडतं. सांजेला पाणी पार मागे हटतं, जरा दम खातं, आणि लगेच फिरतं. तेवढ्यात जाऊन यायचं. म्हणून मोतीराम अंधारात निघाला. "आये, मी तेका घेवन येतंय," एवढंच बोलला.

वाटेत गुणाजी घाडी भेटला. घाडी म्हणजे देवळात गाऱ्हाणं घालणारा. थांबा, तुम्हाला गाऱ्हाणं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे देवाला काही मागायचं तर असं मनातल्या मनात नाही मागत. सगळे जमतात. घाडी नारळ हातात धरतो, आधी सगळ्या देवांची नावं घेतो, मग मोठ्यानं मागतो. ह्याचा आजार बरा कर, त्याचं लग्न जमू दे, आमच्या होड्या सुखरूप आण रे म्हाराजा! आणि प्रत्येक मागण्याला सगळी वाडी एका आवाजात म्हणते, "व्हय म्हाराजा!" म्हणजे आमचा सगळ्यांचा होकार. एकदा व्हय म्हाराजा म्हटलंत की शब्द गेला. देवाच्या दारातला शब्द तो, मागे घेता येत नाही.

आणि ह्या व्हय म्हाराजात मोतीरामाचा आवाज सगळ्यांच्या वर! काय आवाज होता! देवळाचा घुमट हलायचा. पण खोड एकच. ऐकून घ्यायचा नाही. घाडीचं वाक्य अर्ध्यावर असतानाच ह्याचं 'व्हय म्हाराजा' सुटायचं. एकदा गुणाजीनं मुद्दाम मजा केली. म्हणाला, "आणि देवाक ह्या वर्षी कोंबो दी रे…" "व्हय म्हाराजा!" "…मोतीरामाच्या खुराड्यातलो!" हशा पिकला सगळीकडे. पण कोंबडा द्यावा लागला हो! शब्द गेला होता ना. महिनाभर आईनं त्याला त्यावरून बोलून घेतलं.

तर तो गुणाजी त्या सांजेला आडवा आला. मोतीरामाच्या हातावर सुपारीचं खांड ठेवलं आणि म्हणाला, "ह्या दाढेखाली धर. काय्येक दिसांदे, काय्येक कानार येवंदे, तोंड उघडू नको. थंय बोललंस तर मेलंस."

मोतीरामानं सुपारी दाढेखाली धरली आणि चालू लागला.

पुळण संपली. खडपं लागली. शेवाळ, निसरडं, पायाखाली कालवांच्या शिंपल्यांच्या धारदार कडा. वारा पडलेला. कंदिलाचा उजेड आपला पायापुरता. आणि काय बघतो? कोरड्या खडकावर ओली पावलं! आत्ताच कोणी चालत गेल्यासारखी. उजव्या पावलाला करंगळी नाही. दिगूच्या उजव्या पायाला करंगळी नव्हती! नांगराच्या साखळीत सापडून गेली होती लहानपणी. मोतीरामाला वाटलं, जिवंत आहे! माझा भाऊ जिवंत आहे! हाक ओठांवर आली होती. सुपारी दातांत कचकन दाबली आणि पावलांच्या मागे सुटला. पळतोय, पावलं पुढे, हा मागे. पावलं पुढे, हा मागे. अचानक पाय घसरला, कंदील हेलकावला, आणि उजेडात दिसलं, पुढे खडकच नाही! उभी चीर, खाली काळं पाणी गरगरतंय. पावलं सरळ त्या चिरेत उतरलेली. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर दोघेही दर्भाचे करावे लागले असते.

बसला तिथेच. परत फिरावं का? मनात आलं, खोटं कशाला सांगू. पण दारात बसलेली आई दिसली, आणि उठला.

थोडं पुढे गेला. ठक्, ठक्, ठक्. खडकावर कोणीतरी कालवं फोडतंय. बाईमाणूस, पाठमोरी, डोक्यावर पदर, बाजूला भरलेली पाटी. अमावास्येच्या अंधारात, दिव्याशिवाय! मोतीराम खाली मान घालून बाजूनं जायला लागला. तेवढ्यात बाई बोलली, अगदी दमलेल्या आवाजात, "बाबा, वायच पाटयेक हात लाव. माका एकटीक उचलाक जमना नाय."

आता ऐका. आमच्या किनाऱ्यावर बाईनं पाटीला हात लाव म्हटलं तर कोणी नाही म्हणत नाही. वैरी असला तरी थांबतो, पाटी डोक्यावर चढवून देतो, मग वाटेला लागतो. गिऱ्ह्याला हे ठाऊक! बोलायला नको, नुसता हात तर लावायचा. मोतीरामानं कंदील ठेवला, वाकला, पाटी धरली. गार! बर्फासारखी. उचलतो तर जड, आणखी जड, आणखी जड. पाटी त्याला खाली ओढायला लागली. गुडघे टेकले, कोपरं टेकली, तोंड पाण्याला लागलं. बाई वरून म्हणतेय, "आजून वायच, बाबा, आजून वायच." त्यानं सगळा जीव एकवटून हात सोडवले. वर बघतो तर बाई नाही, पाटी नाही. समोर खडक, कालवांनी भरलेला, आणि दोन्ही तळहात फाटून रक्त चाललेलं. मी लहान असताना ते वण बघितलेत. म्हातारपणीसुद्धा गेले नव्हते.

आणि आता घळ. तोंड एवढंसं, वाकून सरपटत जायचं. आत मात्र मोठी, घुमटासारखी. मागच्या बाजूला वाळू. आणि आवाज! समुद्र बाहेर हलतो तो आत घुमतो, हूंऽऽऽ… हूंऽऽऽ… म्हणून तर घुमरी घळ. मोतीराम सरपटत आत शिरला, कंदील वर धरला.

दिगू होता. वाळूवर, भिंतीच्या कपारीत अडकलेला, अंगाभोवती त्याचंच जाळं. कसा दिसत होता ते मी सांगणार नाही. मोतीरामानंही कधी कोणाला सांगितलं नाही. उजवं पाऊल तेवढं जाळ्याबाहेर होतं. करंगळी नसलेलं. ते हातात धरून मोतीराम रडला. आवाज न करता रडला, दातांत सुपारी धरून. माणसाला भावासाठी मोठ्यानं रडतासुद्धा येऊ नये, ह्यापेक्षा वाईट काय असेल, सांगा.

मग कामाला लागला. जाळं कापलं. दोर बांधला. भावाला पाठीवर घेतलं, त्याचे हात आपल्या गळ्याशी बांधले. पायाखाली वाळू ओली व्हायला लागली होती. पाणी फिरलं! निघायला हवं, पटकन निघायला हवं.

आणि तेवढ्यात घळीचं घुमणं थांबलं. एकदम शांत. आणि त्या शांततेत आवाज आला, "बा देवा म्हाराजाऽऽऽ!"

गुणाजी घाडीचा आवाज! हुबेहूब! "आज हो तुझो लेकरू तुझ्या दारात इललो असा, तेची इडापीडा टळूंदे रे म्हाराजा!"

आणि अंधारातून, चहूबाजूंनी, कितीतरी गळ्यांतून, "व्हय म्हाराजा!"

मोतीरामाला वाटलं आपण देवळातच आहोत. समईचा वास आला, नारळ फुटल्याचा वास आला. सगळी वाडी भोवती उभी आहे. भीती गेली हो! त्याच्या ध्यानातच आलं नाही की गाऱ्हाण्यात आधी देवांची नावं घ्यायची असतात, आणि ह्यानं एकाही देवाचं नाव घेतलेलं नाही.

"तेच्या आवशीच्या डोळ्यांतला पाणी पूस रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मोतीरामाचा जबडा हलला. जन्माची सवय ती. पण सुपारी होती. सुपारीनं वाचवला.

"आणि धाकल्या भावाक तेच्या आवशीकडे जावंदे रे…"

अहो, भावाला आईकडे न्यायला म्हणूनच तर तो आला होता! जीव मुठीत धरून आला होता! कसा गप्प राहणार? तोंड उघडलं, सुपारी पडली, आणि तो सगळ्या घळीला हादरवणारा आवाज, "व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाणं संपलं नव्हतं.

"…आणि तेच्या जाग्यार ह्या थोरल्याक बसव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" म्हणाली सगळी घळ.

कळलं का? अर्ध्या वाक्यावर होकार देऊन बसला गडी! कोंबड्यासारखाच. पण ह्या वेळी कोंबडा नव्हता, स्वतःच होता.

पाणी आत घुसलं. कंदील विझला. पायांखालची वाळू वितळली आणि पाय गुडघ्यापर्यंत आत गेले. ओढतो तर निघत नाहीत. कोणीतरी घोटे धरलेत. इथे हात, तिथे हात. पाणी कमरेला लागलं. छातीला लागलं. घळीचं तोंड पण पाण्याखाली गेलं. संपलं! मोतीरामाला स्वतःचं काही वाटलं नाही म्हणतात. वाटलं आईचं. तिला दोन माणसं दर्भाची करावी लागणार, आणि ती दाराशी बसूनच मरणार.

आणि त्या आईच्या विचारानंच त्याला बुद्धी सुचली. जन्मात गाऱ्हाणं घातलेलं नव्हतं त्यानं. नुसतं व्हय म्हटलेलं. पण अंधारात उभी आहेत ती माणसं कोण? आपल्याच किनाऱ्याची ना? ह्यांचीही व्हय म्हणायची सवय जन्माचीच ना?

पाणी गळ्याशी असताना त्यानं तोंड वर केलं आणि हाक दिली, "बा म्हाराजाऽऽऽ!" आणि नावं घ्यायला लागला. देवांची नाही. बुडालेल्यांची! "वादळात गेललो येसू खलाशी! कालवां काढूक जावन परत येवक नाय ती भागीरथी! सोयरू तांडेल, माझ्या बापाशीचो बापूस! आणि माझो दिगू! सगळ्यांनी कान देवन ऐका रे म्हाराजा!"

घळ ऐकायला लागली. त्यांची नावं कित्येक वर्षांत कोणी घेतली नव्हती.

"माझो शब्द गेलो तो गेलो. मी तो फिरवचंय नाय. माझी जागा हय असा. पण माझी आवस घराक एकटी असा. माझ्या हातान तिका अग्नी पडल्याशिवाय माका हय बोलवू नको रे म्हाराजा!"

पाणी नाकाशी आलं. मग अगदी कानाशी, पाठीवरून, दिगूचा आवाज, सगळ्यांच्या आधी, "व्हय म्हाराजा!"

आणि मागोमाग सगळ्यांचा. "व्हय म्हाराजा!"

पाय सुटले. लाट मागे फिरली तशी मोतीरामाला घेऊनच फिरली. घळीच्या तोंडातून पाण्याखालून, खडकावर खरडत, श्वास कोंडलेला. आणि पाठीवरच्या भावाचे हात गळ्याशी घट्ट झाले. आवळत होते की धरून होते? मोतीराम सांगायचा, "माका कळला नाय." बाहेर आला तेव्हा पुळणीवर चुडती, म्हणजे माडाच्या झावळ्या, पेटवून वाडी उभी होती. गुणाजी पुढे धावला.

दुसऱ्या सकाळी दिगूला अग्नी मिळाला. दिगूला हं, गवताला नाही. दर्भाची जुडी तशीच ओटीवर राहिली.

सगळे पांगले तशी आईनं मोतीरामाचे फाटलेले तळहात हातात घेतले आणि विचारलं, "काय कबूल करून इलंस?"

आईपासून काय लपतं? सांगितलं त्यानं. ती उठली, चुलीशी गेली, पेज ओतून घेतली आणि किती दिवसांनी जेवली. म्हणाली, "माका अग्नी दिल्यार तुका जावचा लागताला ना? बरा. बघू या तर."

आणि ती मेलीच नाही!

हसा, पण खरं सांगतो. तिच्या बरोबरीच्या सगळ्या गेल्या. पटकीची साथ आली, तिला खाली काढलं, तोंडात पाणी घातलं, वाडी रडायला लागली, आणि ही उठून बसली. "रडतास कित्याक? माका पेज दी." हाड मोडलं, डोळे गेले, दात गेले. आम्ही पोरं तिच्या परसात बोरं खायला जायचो तेव्हा एवढीशी झाली होती. पण दर अमावास्येला दिवेलागणीला तिला दाराशी नेऊन बसवावं लागायचं. समुद्र हूंऽऽऽ करून घुमला की ही म्हातारी काठी आपटून ओरडायची, "नाय म्हाराजा!" आमच्या सगळ्या मुलखात हे दोन शब्द बोललेलं दुसरं माणूस मी बघितलं नाही. दुखायचं हो तिला. रात्र रात्र कण्हायची. सुटका हवी होती तिला, पण जीव धरून ठेवला होता दातांशिवाय.

मोतीराम म्हातारा झाला. नातवंडं झाली. एका पहाटे झोपेतच गेला, आपल्या घरात, आपल्या अंथरुणावर. माणसं म्हातारीला सांगायला घाबरत होती. तिनंच विचारलं, "झील गेलो?" होय म्हणाले. "पाण्यात नाय ना?" नाही, आये, घरात गेला. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, सगळ्या तोंडावरून, हळूहळू. मग म्हणाली, "आता माका पेज नको."

दुसऱ्या दिवशी गेली. अग्नी नातवानं दिला. मोतीरामाच्या हातचा नाही.

म्हणजे बघा. मोतीरामाचा शब्द मोडला नाही, आणि पुरा पण झाला नाही. म्हातारीनं गिऱ्ह्याला फसवलं! पण दिगूची जागा त्यांनी रिकामी केली होती ना? ती अजून रिकामीच आहे. म्हणून सांगतो, त्या खडपातल्या वाटेनं जाऊ नका. चालत नको, कयाकातून नको. सकाळी उन्हात लांबून बघा, फोटो काढा, परत या. अमावास्येला सांजवेळी तिकडे तोंड फिरवायचं नाही. हर्षद, तो फलक उद्या पुसायचा. काय?

चला, पुरे. आता निजायला जा. थांबा, अंधारातून खोल्यांकडे जायचंय तुम्हाला, मी गाऱ्हाणं घालतो. नावं घेतो हं आधी. बा रवळनाथा, आई सातेरी, बा वेतोबा! हे परगावचे पाहुणे तुझ्या दारात इलेले असत, तेंका सुखरूप घराक पोचव रे…

"व्हय म्हा…"

गप रे हर्षद! वाक्य तरी पुरं होऊ दे.